एक टायमर, पाच बोटं



मागच्या दोन भागांत आपण ८०५१ चा टायमर पाहिला, इंटरप्ट पाहिला, आणि शेवटी एका पिनवर पीडब्ल्यूएम काढून एलईडी मंद-तेज करून दाखवली. तेव्हापासून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "सर, एका पिनवर जमलं. आता आठ पिनांवर आठ वेगवेगळे पीडब्ल्यूएम हवेत. चिपमध्ये टायमर दोन. मग उरलेल्या सहांचं काय?"

या प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी स्वतः एकदा दिलं आहे. आजची सुरुवात त्या चुकीपासून करतो.

मी तेव्हा इंदूरमध्ये डिप्लोमाच्या मुलांना शिकवत होतो. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने प्रकल्पासाठी हात बनवला होता. पुठ्ठा, सायकलच्या स्पोकचे तुकडे, मासेमारीचा दोरा आणि पाच छोटे सर्व्हो. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांच्या शाळेत तो ठेवायचा होता. बटण दाबलं की हात तेवढी बोटं हळूहळू उघडणार, मुलं बघून आपली बोटं उघडणार, आणि असे एक ते पाच आकडे शिकणार. आत होती आपली नेहमीची एटी८९एस५२.

हात चालला, छान चालला. पण दर पाच-दहा मिनिटांनी एखादं बोट मध्येच दचकायचं. एकदाच, क्षणभर, आणि पुन्हा शांत. शाळेत पहिल्यांदा नेला त्या दिवशी एका चिमुकल्याने हाताच्या बोटाला बोट लावलं होतं, आणि नेमकं तेव्हाच ते दचकलं. पोराने हात मागे घेतला तो पुन्हा पुढे केलाच नाही.

मी तिला सांगितलं, "ही चिप लहान पडते गं. पाच पीडब्ल्यूएम तिला झेपत नाहीत. मोठा बोर्ड घे."

ती म्हणाली, "सर, बोर्ड घेण्याआधी एकदा हिशोब करून बघू का?"

आज आपण तोच हिशोब करणार आहोत.

आधी गरज ओळखा

पीडब्ल्यूएम म्हणजे पल्स विड्थ मॉड्युलेशन. पिन काही वेळ चालू, काही वेळ बंद, आणि हे सतत. पण हे ज्याला पाठवतो त्याची गरज काय आहे हे आधी बघायचं, कारण दोन गिऱ्हाईकं अगदी वेगळी आहेत.

पहिलं गिऱ्हाईक एलईडी. तिला फक्त टक्केवारी कळते. म्हणजे खरं तर आपल्या डोळ्याला कळते. १० मिलिसेकंदांपैकी ३ मिलिसेकंद चालू राहिली तर ३० टक्के. ते ३ मिलिसेकंद सलग दिले की तुकड्या-तुकड्यांनी दिले, डोळ्याला फरक पडत नाही. फक्त हे चक्र सेकंदाला शंभरेक वेळा फिरलं पाहिजे, नाहीतर लुकलुक दिसते.

दुसरं गिऱ्हाईक सर्व्हो. याला टक्केवारीशी देणंघेणं नाही. त्याला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक सलग पल्स हवी, आणि त्या पल्सची रुंदी म्हणजे त्याला दिलेला हुकूम. १ मिलिसेकंद म्हणजे एक टोक, १.५ म्हणजे मध्य, २ म्हणजे दुसरं टोक. बहुतेक छोट्या सर्व्होंमध्ये या १ ते २ मिलिसेकंदांत साधारण ९० अंश फिरणं होतं. म्हणजे १००० मायक्रोसेकंदांत ९० अंश, आणि एक अंश म्हणजे सुमारे ११ मायक्रोसेकंद. हा ११ चा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि आपल्याकडे काय आहे? १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावलेली ८०५१. जुन्या पद्धतीच्या ८०५१ मध्ये १२ ठोक्यांना एक मशीन सायकल. म्हणजे एक मशीन सायकल बरोबर १ मायक्रोसेकंदाची, आणि बहुतेक सूचना एक किंवा दोन सायकलमध्ये उरकतात. टायमरही दर मायक्रोसेकंदाला एकाने पुढे सरकतो.

इथे एक खड्डा आहे. पुष्कळ तयार बोर्डांवर क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचा असतो, कारण सिरियल पोर्टचे वेग त्यावर नेमके जमतात. तिथे टायमरचा एक ठोका १.०८५ मायक्रोसेकंदांचा. दीड मिलिसेकंदासाठी तिथे १५०० नाही, १३८२ मोजायचे. हे विसरलात तर सर्व्हो मध्याऐवजी ११-१२ अंश बाजूला जाऊन उभा राहील आणि तुम्ही स्क्रू ढिले करत बसाल. क्रिस्टलवर काय छापलंय ते आधी वाचा. आजचे सगळे आकडे १२ मेगाहर्ट्झचे आहेत.

पद्धत पहिली: थांबून राहणं

पहिला प्रोग्राम सगळेच असा लिहितात. पिन चालू कर, डिले लूपमध्ये थांब, पिन बंद कर. मग दुसरी पिन, मग तिसरी.

पाच सर्व्होंसाठी हे चालतंसुद्धा. पण प्रोसेसर पूर्ण वेळ आकडे मोजत उभा आहे. बटण कोण बघणार? आणि बटणासाठी इंटरप्ट लावलात, तर तो डिलेच्या मध्ये घुसतो आणि पल्स तेवढी लांबते. बटणाच्या रूटीनला १०० मायक्रोसेकंद लागले तर बोट ९ अंशांनी हलणार.

पंगतीत एकच वाढपी आहे आणि तो एकेका पानासमोर घास संपेपर्यंत उभा राहतो, तसला हा कारभार. वाढपी कमी नाहीत, त्याची वाढायची पद्धत चुकीची आहे.

पद्धत दुसरी: ठरावीक ठोका

आता टायमरला सांगायचं, दर १०० मायक्रोसेकंदांनी मला उठव. मोड २ घ्या, आठ बिटांचा, आपोआप भरणारा. त्यात २५६ वजा १०० म्हणजे १५६ भरा. दर ठोक्याला इंटरप्ट रूटीनमध्ये एक मोजणी वाढवा: शून्य ते ९९, आणि पुन्हा शून्य. १०० ठोक्यांची एक फ्रेम, म्हणजे १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १०० फ्रेम. एलईडीला हवं तेवढं.

प्रत्येक पिनसाठी एक आकडा ठेवा, तिची तेजाची टक्केवारी. मोजणी शून्यावर आली की सगळ्या पिना चालू. मोजणी एखाद्या पिनच्या आकड्याएवढी झाली की ती पिन बंद. झालं. एका टायमरवर आठ पीडब्ल्यूएम.

दोन टोकं मात्र सांभाळा. ज्या पिनचा आकडा शून्य आहे ती सुरुवातीला चालूच करायची नाही, नाहीतर अंधारात बारीकशी मिणमिणत राहते. आणि ज्या पिनचा आकडा १०० आहे ती बंद होणार नाही, कारण मोजणी ९९ च्या पुढे जातच नाही. ते आपोआप बरोबर येतं.

जोडणीबद्दलही एक वाक्य. ८०५१ ची पिन विद्युतप्रवाह देण्यात फार कंजूष आहे, पण स्वतःत ओढून घेऊ शकते. म्हणून एलईडी उलटी जोडा, पिन शून्य झाली की लागेल अशी. तरीही एटी८९एस५२ मध्ये पोर्ट १, २ आणि ३ यांना प्रत्येकी, आठही पिना मिळून, १५ मिलिअँपियरची मर्यादा आहे. झगझगीत उजेड हवा तर मध्ये ट्रान्झिस्टर किंवा ड्रायव्हर चिप लावा. आणि रिसेटनंतर ८०५१ च्या सगळ्या पिना १ असतात. ड्रायव्हर सुलटा जोडलेला असेल तर चालू करताच सगळ्या एलईडी एकदम पेटतात. घाबरू नका, चिप बिघडलेली नाही.

आता हिशोब. आठ पिनांची तुलना असेंब्लीत नीट लिहिली तर एका पिनला तीन-चार सायकल. आठांचे झाले तीसेक. रूटीनमध्ये शिरणं, रजिस्टर जपणं, परतणं यांचे पंधरा धरा. ४५ मायक्रोसेकंद. दर १०० पैकी ४५ गेले, ५५ उरले. सी भाषेत लिहिलंत तर याहून बरेच जास्त जातील. तरी एलईडीसाठी हे चालतं.

हेच सर्व्होला लावून बघू. १०० मायक्रोसेकंदांचा ठोका म्हणजे ९ अंश. बोट नऊ-नऊ अंशांच्या उड्या मारत उघडेल. गुळगुळीत हवं तर ठोका ११ मायक्रोसेकंदांचा हवा, वहीतला तो आकडा. पण रूटीनलाच ४५ लागतात! ११ मायक्रोसेकंदांत ४५ चं काम बसवायचं कसं? इथे लोक म्हणतात, "चिप लहान पडली." मीही तेच म्हणालो होतो.

पण नीट बघा, आपण करतोय काय. २० मिलिसेकंदांत ११ मायक्रोसेकंदांचे जवळजवळ १८०० ठोके, आणि पाच बोटांसाठी खरोखर काहीतरी बदलायचं असतं ते फक्त दहा वेळा: पाचदा चालू, पाचदा बंद. बाकी सगळे ठोके "काही करायचंय का?" एवढं विचारून "नाही" ऐकायला खर्च होतात. वेळ कामात जात नाही, विचारण्यात जातो.

आता आपल्याला नेमका मुद्दा सापडला. सारखं विचारत बसू नका. पुढची घटना केव्हा आहे ते टायमरला सांगा, आणि त्याच क्षणी उठा.

एलईडीसाठी युक्ती: दुपटीचे तुकडे

हे आधी एलईडीवर करून बघू. हिला म्हणतात बिट अँगल मॉड्युलेशन.

तेज ० ते २५५ धरा, म्हणजे आठ बिटांचा आकडा. फ्रेमचे सारखे २५५ तुकडे करण्याऐवजी आठच तुकडे करा, पण प्रत्येक तुकडा आधीच्याच्या दुप्पट: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. एक एकक ४० मायक्रोसेकंदांचं ठेवलं तर एकूण २५५ गुणिले ४०, म्हणजे १०.२ मिलिसेकंद. सेकंदाला ९८ फ्रेम.

समजा एका एलईडीचं तेज १०० हवंय. १०० म्हणजे ६४ अधिक ३२ अधिक ४. तर ४ च्या, ३२ च्या आणि ६४ च्या तुकड्यात ती चालू, बाकी तुकड्यांत बंद. एकूण २५५ पैकी १०० एककं उजेड. तुकडे सलग नाहीत, पण डोळ्याला त्याचं काही नाही, हे आपण आधीच म्हटलंय.

आता गंमत बघा. आठही एलईडी एकाच पोर्टवर असतील तर प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला पोर्टवर फक्त एक बाइट लिहायचा. कोणत्या तुकड्यात कोणता बाइट, हे आठ बाइट आधीच काढून ठेवायचे. तेज बदललं की तेवढ्यापुरते पुन्हा काढायचे. इंटरप्ट किती? फ्रेमला आठ. एकेका इंटरप्टला ३० मायक्रोसेकंद धरले तर २४० झाले, १०,२०० पैकी. सुमारे अडीच टक्के. मघाशी ४५ टक्के जात होते, आणि तेजाच्या पायऱ्याही १०० वरून २५६ झाल्या.

चिप तीच, क्रिस्टल तोच. फक्त हिशोब बदलला.

मात्र ही युक्ती सर्व्होला लावू नका. त्याला पल्स सलग हवी. तुकडे दिलेत तर प्रत्येक तुकडा त्याला नवा हुकूम वाटेल.

सर्व्होसाठी युक्ती: एकामागून एक

सर्व्होला २० मिलिसेकंदांतून एकदा, जास्तीत जास्त २ मिलिसेकंद लक्ष हवं असतं. उरलेले १८ मिलिसेकंद त्याला आपली गरज नाही. मग पाचही पल्स एकदम सुरू करायचा हट्ट कशाला? एक संपली की दुसरी. दुसरी संपली की तिसरी. वाढपी एकच, पण पानं ओळीने मांडलेली.

प्रत्यक्षात असं करा. टायमर मोड १ मध्ये, सोळा बिटांचा. हा टायमर वर मोजतो आणि ६५,५३६ ला उलटून इंटरप्ट देतो. म्हणून १५०० मायक्रोसेकंद हवे असतील तर ६५,५३६ वजा १५००, म्हणजे ६४,०३६ भरायचे.

इंटरप्ट आला की रूटीनने तीन कामं करायची: आत्ताची पिन बंद, पुढची पिन चालू, पुढच्या पिनची रुंदी टायमरमध्ये. पाचवी पल्स संपली की सगळ्या पिना बंद ठेवून उरलेली विश्रांती भरायची: २०,००० वजा पाचही रुंद्यांची बेरीज. पाचही बोटं पूर्ण उघडी असली तरी बेरीज १०,००० होते, म्हणजे निम्मी फ्रेम मोकळीच. याच हिशोबाने आठ सर्व्होसुद्धा आरामात बसतात.

फ्रेमला इंटरप्ट किती? पाच बोटांचे पाच, विश्रांतीचा एक. एकूण सहा. प्रत्येकी ५० मायक्रोसेकंद धरले तरी ३००. २०,००० पैकी ३०० म्हणजे दीड टक्का. ज्या चिपला मी "झेपत नाही" म्हणालो होतो ती साडेअठ्ठ्याण्णव टक्के वेळ मोकळी होती! आणि नेमकेपणा? टायमरची एक पायरी १ मायक्रोसेकंदाची, म्हणजे अंशाचा अकरावा भाग. सर्व्होचे प्लॅस्टिकचे दातेसुद्धा तेवढे नेमके नसतात.

ही युक्ती माझी नाही, त्या मुलीचीही नाही. रेडिओवर चालणाऱ्या खेळण्यातल्या विमानांमध्ये सगळ्या चॅनलच्या पल्स अशाच एकामागून एक पाठवत, आणि रिसीव्हरमध्ये ४०१७ सारखी मोजणीची चिप त्या ओळीने वाटून देई. आर्डुइनोची सर्व्हो लायब्ररीही मुळात हेच करते. उनोवर ती एका टायमरवर बारा सर्व्हो चालवते. म्हणूनच ती लायब्ररी घेतली की ९ आणि १० नंबरच्या पिनांवरचा नेहमीचा पीडब्ल्यूएम बंद पडतो: त्यांचा टायमर तिने घेतलेला असतो.

दोन बारकावे सांगतो, त्यांनी थरथर थांबते.

एक, रूटीनमध्ये शिरल्यावर आधी पिना बदला, मग बाकी हिशोब. आणि टायमरमध्ये नवा आकडा नुसता भरू नका. इंटरप्ट आल्यापासून तुम्ही तिथे पोचेपर्यंत टायमर काही पावलं पुढे गेलेला असतो, आणि ती पावलं दर वेळी सारखी नसतात. टायमर क्षणभर थांबवा, त्यात जे असेल त्यात नवा आकडा मिळवा, थांबवलेल्या सायकलची भर घाला, आणि पुन्हा सोडा.

दोन, सिरियल पोर्टही वापरत असाल तर टायमरच्या इंटरप्टला वरचा मान द्या. ८०५१ मध्ये प्राधान्याच्या दोन पायऱ्या आहेत. दोघे एकाच पायरीवर असतील तर सिरियलचं रूटीन संपेपर्यंत टायमर ताटकळतो, आणि बोट थरथरतं.

मग बोट का दचकत होतं?

हे सगळं त्या मुलीने आधीच केलेलं होतं. हिशोब मांडल्यावर मला ते दिसलं. चिप मोकळी होती, पल्स ओळीने जात होत्या. तरी बोट दचकत होतं.

माझा पुढचा संशय वीजपुरवठ्यावर. तो नेहमी आधी तपासावाच. पाच सर्व्हो एकदम हलले की व्होल्टेज खाली बसतं. सर्व्होंना पाच व्होल्टचा वेगळा पुरवठा द्या, दोन्हीकडचे ग्राउंड एकत्र जोडा, सर्व्होंजवळ एक मोठा कपॅसिटर लावा. आम्ही लावला. दचकणं तसंच.

मग तिने एक प्रयोग केला, आणि तो मी आजही वर्गात सांगतो. बोट हळू उघडायचं म्हणजे रुंदी एकेकाने वाढवायची: १०००, १००१, १००२, असं २००० पर्यंत. तिने बोट एका जागी ठेवलं आणि मुख्य प्रोग्राममध्ये रुंदी दोनच आकड्यांत सतत, जमेल तेवढ्या वेगाने बदलत ठेवली. १२७० आणि १२७१. फरक एका मायक्रोसेकंदाचा, बोट हलताना दिसायलाच नको. नाही दिसलं. अर्धा तास शांत.

मग तिने आकडे बदलले. १२७९ आणि १२८०. फरक तोच, एका मायक्रोसेकंदाचा. आणि बोट तापात थरथरावं तसं थरथरायला लागलं.

आम्ही दोघं त्या बोटाकडे बघत राहिलो. मग तिनेच पाटीवर लिहिलं: १२७९ म्हणजे ४ गुणिले २५६ अधिक २५५. १२८० म्हणजे ५ गुणिले २५६ अधिक ०.

कळलं का? ८०५१ आठ बिटांची. सोळा बिटांचा आकडा ती दोन खेपांत लिहिते, वरचा बाइट वेगळा, खालचा वेगळा. मैदानावरच्या जुन्या धावफलकाचा पत्र्याचा आकडा आठवा. १९९ चे २०० करायचेत. माणूस एकेक पाटी बदलतो. मध्येच कोणी मान वर केली तर त्याला १०० दिसतील किंवा २९९. दोन्ही खोटे. पण १९७ चे १९८ करताना एकच पाटी बदलते, तेव्हा खोटं काही दिसत नाही.

आपला मुख्य प्रोग्राम पाट्या बदलतोय, आणि इंटरप्ट रूटीन हा मध्येच मान वर करणारा प्रेक्षक. खालचा बाइट बदललाय आणि वरचा अजून नाही, नेमका तेव्हा इंटरप्ट आला तर रुंदी वाचली जाते ४ गुणिले २५६ अधिक ०, म्हणजे १०२४. वरचा आधी लिहिला जात असेल तर १५३५. एका फ्रेमपुरता २५६ च्या आसपासचा झटका, म्हणजे जवळजवळ २३ अंशांचा खोटा हुकूम. सर्व्हो तिकडे धावतो, आणि २० मिलिसेकंदांनी खरा आकडा आला की परत फिरतो. आपल्याला दिसतं, बोट दचकलं.

आणि हे क्वचित का व्हायचं तेही कळलं. १००० ते २००० च्या प्रवासात अशा चारच जागा आहेत: १०२४, १२८०, १५३६, १७९२. त्या ओलांडताना, दोन बाइटांमधल्या दोन-तीन मायक्रोसेकंदांतच इंटरप्ट यायला हवा. हजारो वेळा चुकामूक, एकदा गाठ. म्हणून पाच-दहा मिनिटांनी एकदा.

उपाय साधा आहे. दोन बाइट लिहिण्यापुरता टायमरचा इंटरप्ट बंद ठेवला तरी झटका जातो, पण मग कधीमधी पल्स काही मायक्रोसेकंद लांबते. त्यापेक्षा चांगलं हे. रुंद्यांच्या दोन याद्या ठेवा, एक 'नवी', एक 'चालू'. मुख्य प्रोग्राम फक्त नव्या यादीत लिहितो, आणि लिहून झालं की एक बिट वर करतो: तयार. इंटरप्ट रूटीन विश्रांतीच्या वेळी, म्हणजे एकही पल्स चालू नसताना, तो बिट बघतं. वर असेल तर नवी यादी चालूमध्ये उतरवतं आणि बिट खाली करतं. बिट खाली असेपर्यंतच मुख्य प्रोग्रामने नव्या यादीला हात लावायचा. एक बिट वर-खाली करणं ८०५१ मध्ये एकाच सूचनेत होतं, त्याच्या मध्ये कोणी घुसू शकत नाही.

दहा-बारा ओळींचा बदल. तिने तो केला, आणि रात्रभर हात चालू ठेवला. सकाळी १२७९-१२८० वरसुद्धा बोट दगडासारखं स्थिर होतं.

मोठी चिप केव्हा घ्यायची?

म्हणजे मोठी चिप कधीच घ्यायची नाही का? तसं नाही. डीसी मोटरला सेकंदाला हजारो वेळा फिरणारा पीडब्ल्यूएम लागतो, तिथे सॉफ्टवेअरचा हा खेळ पुरत नाही. हार्डवेअरचा पीडब्ल्यूएम हवा. एटीमेगा३२८पी मध्ये तसे सहा आउटपुट आहेत, तीन टायमरांवर दोन-दोन. पण एका टायमरच्या दोन्ही आउटपुटांची वारंवारता एकच राहते, हे लक्षात ठेवून पिना निवडा. सोळा सर्व्हो हवे असतील आणि मुख्य प्रोग्राम जड असेल, तर पीसीए९६८५ सारखी वेगळी चिप घ्या. ती दोन तारांवर हुकूम घेते आणि सोळा पल्स स्वतः सांभाळते.

घ्या, जरूर घ्या. पण हिशोब झाल्यावर घ्या. फ्रेम किती मोठी, त्यात खरोखर घटना किती, एका घटनेला वेळ किती. हे तीन आकडे पाटीवर आल्याशिवाय "चिप झेपत नाही" हे वाक्य तोंडातून काढू नका. मी काढलं होतं. बोर्ड बदलला असता तर पैसे गेले असते, आणि आठ बिटांचा दुसरा बोर्ड असता तर दचकणंही नव्या बोर्डात तसंच गेलं असतं, कारण दोष चिपच्या ताकदीचा नव्हता.

हात पुन्हा शाळेत गेला तेव्हा मीही गेलो होतो. तो चिमुकला दारापाशीच उभा होता. तिने बटण दाबलं. तीन बोटं हळूहळू उघडली. तो बराच वेळ लांबूनच बघत राहिला. मग दारातूनच, आपली तीन बोटं वर केली.

घरचा अभ्यास

आज तीन गोष्टी करायच्या. पहिली, ठरावीक ठोक्याने चार एलईडी चार वेगळ्या तेजांवर चालवा. दुसरी, तेच बिट अँगलने करा आणि दोन्हींत मुख्य प्रोग्रामला किती वेळ उरतो ते कागदावर मांडा. तिसरी, एक सर्व्हो घ्या, मुद्दाम याद्या न ठेवता १२७९-१२८० चा प्रयोग करा आणि त्याला थरथरताना बघा. मग दोन याद्या ठेवा आणि पुन्हा बघा. ही चूक एकदा डोळ्यांनी बघितली की जन्मभर होत नाही.

पुढच्या भागात उलटा प्रवास: बाहेरून येणाऱ्या पल्सची रुंदी मोजायची कशी. तोवर पाटी-पेन्सिल जवळ ठेवा. भेटू.